वाळत घातलेली वर्तमानपत्रं

ताओशीच्या बाजारात शौगन येताना दिसला की शेंगदाणेवाला बांधलेल्या पुड्या फळीखाली सरकवायचा. त्याचा उपयोग नसे. शौगन खांद्यावरची कावड खाली ठेवायचा, बांबूचा लांब चिमटा पुढे करायचा आणि म्हणायचा, "काढ."

"दादा, त्या गिऱ्हाइकाच्या आहेत."

"शेंगदाणे गिऱ्हाइकाचे. कागद माझा."

"मग शेंगदाणे देऊ कशात? तुमच्या टोपीत?"

"कमळाच्या पानात दे. तुझा बाप देत होता."

"बापाच्या वेळी पान फुकट होतं. आता वर्तमानपत्र फुकट आहे, त्याला मी काय करू?"

मग तो कुरकुरत पुड्या सोडायचा, शौगन एकेक कागद झटकून टोपलीत ठेवायचा, आणि मोबदल्यात टोपलीच्या कडेला खोचलेली कमळाची चार पानं त्याच्यापुढे टाकायचा. पानं तो सकाळी तळ्यावरून स्वतःच काढून आणत असे. हे भांडण पाच वर्षं रोज चाललं होतं आणि दोघांपैकी कुणालाही ते संपायला नको होतं.

अक्षर उमटलेला कागद पायाखाली तुडवला, त्यात मासळी बांधली किंवा त्याने चूल पेटवली तर माणसाचे डोळे जातात, हे ताओशीत शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. म्हणून गावातल्या चार मातब्बर घराण्यांनी मंडळ काढून एक कावड आणि एक माणूस ठेवला होता. माणसाने रोज गल्ल्या पालथ्या घालायच्या. औषधांच्या पुड्या, दारावरून निसटलेल्या शुभवचनांच्या लाल पट्ट्या, मुलांनी गिरवलेले कित्ते, जे सापडेल ते टोपलीत घालायचं. मळलेला कागद धुवायचा, वाळवायचा, आणि महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी अक्षरांच्या देवाच्या देवळामागे, विटांच्या भट्टीत जाळायचा. राख रांजणात साठवायची आणि वर्षातून एकदा होडीने नेऊन वाहत्या पाण्यात सोडायची.

फेई शौगनने हे काम सत्तावीस वर्षं केलं होतं. त्याआधी तो दगड वाहणाऱ्या होड्या ओढायचा. आईच्या डोळ्यांत पडदा वाढायला लागला तेव्हा त्याने नवस बोलला, एक वर्ष कागद वेचीन. आईचा डावा डोळा गेला, उजवा राहिला, आणि त्या एका डोळ्याने ती मरेपर्यंत सुईत दोरा ओवत होती. शौगनला तेवढं पुरेसं वाटलं. एका वर्षाची दोन झाली, मग मोजणं सुटलं. देवळाच्या दरवाजालगतची एक खोली, तांदूळ आणि नव्या वर्षाला एक कापसाचा कोट एवढं मंडळाकडून मिळायचं. बायको फंगश्यान मोहरीच्या पाल्याचं लोणचं घालून विकायची. संध्याकाळी वाडगाभर कोमट तांदळाची दारू आणि तळलेलं टोफू मिळालं की शौगनचं कुणाशीच काही भांडण उरत नसे. त्याला स्वतःला वाचता येत नव्हतं. कागद सुलटा आहे की उलटा एवढं मात्र तो लांबूनही सांगायचा.

वर्तमानपत्र गावात प्रथम आलं तेव्हा ते एकच होतं. मिठाच्या व्यापाऱ्याकडे शांघायहून यायचं, दहा घरं फिरायचं आणि महिन्याने चिंध्या होऊन शौगनच्या टोपलीत पडायचं. मग नव्या शाळेचे रुआन मास्तर आले. त्यांनी देवळाच्या रिकाम्या पडवीत वाचनालय काढलं, पाच वर्तमानपत्रं लावली, आणि रोज दुपारी समोरच्या चहाघरात बाकावर उभं राहून ती मोठ्याने वाचायला लागले. पुस्तकी भाषेत नाही. गावच्या बोलीत, हातवारे करून.

टोपल्या ओसंडायला लागल्या. मंडळाचे अध्यक्ष यानसाहेब यांनी तेव्हा शौगनला बोलावून घेतलं होतं. यानसाहेब चाळीस वर्षांपूर्वी सरकारी परीक्षेची पहिली पायरी चढले होते, दुसऱ्या पायरीवर नऊ वेळा आपटले होते, आणि दहाव्या वेळेच्या तयारीत असताना दरबाराने परीक्षाच बंद केली होती. त्याचं खापर ते वर्तमानपत्रांवर फोडायचे.

"हे गोळा करू नकोस," ते म्हणाले. "ती चव्हाट्यावरची बडबड आहे. शाईत बुडवली म्हणून तिचं अक्षर होत नाही."

शौगनने जरा विचार केला. "साहेब, एखादं अक्षर बडबडीतलं आणि तेच पोथीतलं असलं, तर मला कळायचं कसं? मला तर दोन्ही वाचता येत नाहीत."

यानसाहेबांनी हात झटकून त्याला जायला सांगितलं. त्यानंतरही वर्तमानपत्र कावडीत जातच राहिलं.

ते टोपलीत पडण्याआधी कानावर पडलेलं बरं, अशी सवय शौगनला केव्हा लागली हे त्यालाही सांगता आलं नसतं. दुपारी कावड चहाघराच्या दाराशी टेकवायची आणि उंबऱ्यावर बसायचं. रेल्वे कुणाच्या मालकीची असावी, मुलींच्या शाळा कुठे निघाल्या, परदेशी माणसांनी कुठलं बंदर घेतलं, दरबाराने राज्यघटनेचं पुन्हा एकदा आश्वासन दिलं. बऱ्याच गोष्टी त्याला कळायच्या नाहीत. पाय बांधण्याविरुद्धचं मात्र कळलं. दुसऱ्याच दिवशी तो शेजारच्या गावी लेकीकडे गेला आणि तिला म्हणाला, "नातीचे पाय बांधायचे नाहीत."

"कोण म्हणतं?"

"शांघायला छापून आलंय."

लेकीने बापाकडे पाहिलं. बाप छापलेल्या कागदाविषयी खोटं बोलणार नाही, याची तिला खात्री होती. नातीचे पाय मोकळे राहिले.

सम्राट श्वान-थोंगच्या तिसऱ्या वर्षी, आठव्या महिन्यात, वूछांगला फौजेने बंड केलं. पुढचे पंधरा दिवस चहाघरात बसायला जागा नव्हती. मग मामलेदारांनी हुकूम काढला: शांघायची वर्तमानपत्रं आणणं, वाचणं, ऐकणं बंद. वाचनालयाच्या पडवीला सरकारी मोहोर लागली. शांघायच्या परदेशी वस्तीतल्या छापखान्यांपर्यंत दरबाराचा हात पोचत नव्हता, पण ताओशीच्या धक्क्यावर पोचत होता. रुआन मास्तर चहाघरात येऊन गप्प चहा प्यायला लागले. सगळे त्यांच्या तोंडाकडे पाहायचे आणि उठून जायचे.

नवव्या महिन्याच्या दहा तारखेला सकाळी, शौगन भट्टी झाडत होता तेव्हा मामलेदार कचेरीतला कारकून वेई दोन शिपायांसह आला. शिपायांनी बांबूवर टांगून आणलेला गठ्ठा धपकन खाली टाकला. वास भट्टीपर्यंत आला.

"शू मावशीच्या होडीत सापडला," वेई म्हणाला. "वामींच्या टोपलीत, वामींच्या खाली. दहा दिवसांची वर्तमानपत्रं आहेत. आत्ताच्या आत्ता जाळ. साहेबांचा हुकूम आहे."

शौगनने चिमट्याने वरचा कागद उचलला. त्याला चिकट्याची तार सुटली. "वर्तमानपत्रं म्हणता? ही पाहा, एक वाम अजून जिवंत आहे."

बोटभर लांब वाम वेईच्या बुटाकडे निघाली. वेई दोन पावलं मागे सरला.

"हे असं भट्टीत जात नाही, साहेब."

"का नाही जात? आग काय विचारून जाळते?"

"आग जाळते हो, पण देवाला चालत नाही. मळका कागद आधी धुवायचा, वाळवायचा, मग जाळायचा."

"किती वेळ लागेल?"

"वारा असला तर दोन दिवस, नसला तर चार. आणि भट्टी पेटते पंधराला."

"तुला सांगतोय कोण, मी की देव?" वेईचा आवाज चढला. "उद्या सकाळी मला राख दिसली पाहिजे. नाही दिसली तर कावड कचेरीत आणून टाक आणि ती खोली रिकामी कर. कागद जाळायला दुसरे दहा मिळतील."

तो गेल्यावर फंगश्यान खोलीतून बाहेर आली. तिने सगळं ऐकलं होतं. "जाळून टाका," ती म्हणाली. "देव काही वास घ्यायला येत नाही."

"सत्तावीस वर्षांत एकदाही नाही जाळलं तसं."

"या वयात खोली गेली तर लेकीच्या दारात जाऊन बसायचं का? जावई तुमचं तोंड पाहून जेवेल?"

 शौगन कावड घेऊन यानसाहेबांकडे गेला. वाटेत त्याने कुठलाच कागद उचलला नाही, हे बाजारातल्या दोघातिघांनी पाहिलं.

यानसाहेब अंगणात शेवंतीच्या कुंड्यांजवळ बसून खेकडा फोडत होते. शौगनने हकिकत सांगितली. कावड त्यांच्या पायऱ्यांपाशी ठेवून तो उभा राहिला. साहेबांना वर्तमानपत्रांचा किती तिटकारा आहे, हे गावात सगळ्यात चांगलं त्यालाच माहीत होतं.

"जाळ म्हणतात?" यानसाहेब म्हणाले. "पहिल्यांदा त्या माणसाच्या तोंडून शहाणपणाचं काही निघालं."

"हो, साहेब."

"मग अडलं कुठे?"

"वामींचा चिकटा आहे, साहेब. पानापानाला. आणि खवलं पण आहेत, कसली ते कळत नाही."

खेकड्याची नांगी यानसाहेबांच्या हातात तशीच राहिली. "चिकटा? अन् तो म्हणतो, तसंच घाला?"

"उद्या सकाळपर्यंत. नाहीतर कावड ठेव म्हणाले."

"मामलेदार येतात तीन वर्षांसाठी," यानसाहेब सावकाश म्हणाले. "भट्टी माझ्या पणजोबांनी बांधली. नियम तिच्या पाठीवर दगडात कोरलाय. तुला वाचता येत नाही, त्या कारकुनाला तरी येत असेल!" त्यांनी हात पुसले आणि दौत मागवली. मामलेदारांना चार ओळींचं पत्र लिहिलं. पत्रावरची शाई वाळेपर्यंत ते शौगनला म्हणाले, "आणि तूही ऐकून ठेव. कागद स्वच्छ आणि कोरडा झाल्याशिवाय त्यातलं एक पान जरी भट्टीत गेलं, तर कावड मी काढून घेईन."

परत येताना शौगनच्या लक्षात आलं की आपली कावड आता दोन्ही बाजूंनी जाऊ शकते. त्यातल्या त्यात यानसाहेबांच्या बाजूला निदान कागद वाळेपर्यंतचा वेळ होता.

दुपारी त्याने धुवायला घेतलं. परदेशी कागद पातळ, ओला झाला की हातातच फाटतो. त्यामुळे प्रत्येक पान बांबूच्या चटईवर पसरायचं, चटईसकट पाण्यात बुडवायचं, मऊ ब्रशने चिकटा सोडवायचा, दुसऱ्या पाण्यात, मग संत्र्याच्या साली घातलेल्या तिसऱ्या पाण्यात. छापील शाई हलत नव्हती. ओलं पान चटईवरून उचलून सरळ देवळाच्या भिंतीवर थापायचं किंवा दोरीवर घालायचं. पान नेहमी सुलटंच, कारण अक्षर डोक्यावर उभं करणं पाप. फंगश्यान सुरुवातीला लांबून बोलत राहिली. मग दुसऱ्या घंगाळाशी येऊन बसली.

"खालून धरा, खालून. टोफूचं फडकं आहे का ते पिळायला?"

संध्याकाळपर्यंत अंगणाच्या तिन्ही भिंती भरल्या होत्या. सात दोऱ्या भरल्या होत्या. देवापुढच्या दोन दगडी सिंहांच्या पाठींवरही एकेक पान होतं.

पहिला माणूस दुसऱ्या दिवशी सकाळी उदबत्ती लावायला आला तो औषधाच्या दुकानातला नोकर. उदबत्ती लावून तो भिंतीपाशी उभा राहिला, आणि उभाच राहिला. मग पळत गेला. तासाभरात अंगणात वीस माणसं होती. वाचता येणारी भिंतीशी नाक लावून, न येणारी त्यांच्या पाठीशी. कुणी म्हणालं, वूछांग, कुणी म्हणालं, छांगशा पण. रुआन मास्तर आले तेव्हा लोकांनी त्यांना वाट करून दिली. मास्तरांनी पहिल्या भिंतीपासून सुरुवात केली. आवाज आधी जरा दबका होता, तिसऱ्या पानाला चहाघरातला झाला. शू मावशीची होडी कचेरीने धक्क्याला बांधून ठेवली होती, त्यामुळे तिला वेळच वेळ होता. ती पुढे, जमिनीवर बसली.

"एवढं लिहिलंय होय यात," ती म्हणाली. "मला वाटलं नुसते भाव असतील."

शौगन दोऱ्यांमधून हिंडत पानांच्या कडा चाचपत होता. चिकट्याखेरीज त्याच्या डोक्यात काही नव्हतं, असं तो पुढे सांगायचा. पहिल्या दिवसापुरतं ते खरं होतं.

वेई आला तेव्हा त्याच्या कानशिलाच्या शिरा दिसत होत्या. "याला वाळवणं म्हणतात?" तो दारातूनच ओरडला. "कोणाच्या परवानगीने ही जत्रा भरलीय?"

"तुम्हीच दिलीत ना जाळायला," शौगन म्हणाला. "जाळायचं म्हणजे वाळवायचं. वाळवायचं म्हणजे पसरायचं. घडी घालून कोण वाळवतं, साहेब?"

"आत वाळव! खोलीत!"

"खोलीत बुरशी येते."

"मग या लोकांना हाकल!"

"देऊळ आहे, साहेब. लोक येणारच."

वेईने शिपायांना हात केला. "फाडा ती पानं. मी पाहतो कोण—"

"कारकून." आवाज उत्तरेकडच्या भिंतीजवळून आला. तिथे एक म्हातारा चष्मा लावून, पाठीमागे हात बांधून, पानापासून वीतभर अंतरावर उभा होता. यानसाहेबांनी मागे वळूनही पाहिलं नाही. "अक्षराचा कागद देवळात उभं राहून फाडणार आहात का? नाव काय तुमचं? पत्रात घालायला हवं."

शिपाई जागच्या जागी थांबले. त्यांनाही डोळे होते.

"साहेब, आपण," वेई गोंधळला, "आपण वाचताय?"

"वाळलं का ते पाहतोय," यानसाहेब म्हणाले आणि एक पाऊल सरकून पुढचा रकाना पाहायला लागले.

 वेईचा धाकटा भाऊ हानखौला तुंग झाडाच्या तेलाच्या पेढीवर होता, आणि हानखौ जळतंय असं कचेरीत नुसतं कुजबुजत होते. त्याने शिपायांना बाहेर उभं केलं. मग रुआन मास्तरांच्या जवळ जाऊन, दुसरीकडेच पाहत, विचारलं, "हानखौचं कुठल्या भिंतीला आहे?"

मास्तरांनी बोट दाखवलं. त्या भिंतीपुढे वेई दुपारपर्यंत होता.

वारा नव्हता, धुकं होतं. तरी तेरा तारखेला दुपारी फंगश्यानने दोरीवरचं एक पान दोन बोटांत धरून नवऱ्यापुढे हलवलं. ते कुरकुरलं.

"हे कालच वाळलंय."

"खालून ओलं आहे."

"दोरीवरच्या पानाला खाल कुठली?"

शौगनने चिमटा पुसायला घेतला. "आज बाहेरगावची माणसं आलीत," तो म्हणाला. "त्यांचं अर्ध्यावर आहे."

फंगश्यानने पान पुन्हा दोरीवर टाकलं, आणि लोणच्याची टोपली घेऊन दारात बसली. त्या दिवशी सगळं लोणचं खपलं.

चौदा तारखेला दुपारी वाफेची होडी आली ती शांघाय बंडवाल्यांच्या हातात गेल्याची बातमी घेऊन. मामलेदारांना तेव्हाच पोटाचं जुनं दुखणं उठलं आणि ते सहकुटुंब विश्रांतीसाठी गेले. पंधरा तारखेला सकाळी कचेरीवर बंडवाल्यांचा पांढरा झेंडा लागला. पांढरा म्हणजे सुतक, म्हणून धक्क्यावरच्या बायकांनी आधी विचारलं, कोण गेलं? गोळी एकही उडाली नाही. जिकडेतिकडे दंडाला पांढरी फडकी दिसायला लागली. त्यातल्या पहिल्या दहांत वेईचं होतं. भावाचं पत्र मात्र अजून आलेलं नव्हतं.

शौगनने भट्टी पेटवली. दोऱ्या सोडल्या, भिंतीवरची पानं ओल्या बोटाने कडेपासून सोडवली, टोपल्या भरल्या.

"दादा, थांबा," रुआन मास्तर धावत आले. दरबाराच्या सक्तीची पाठीवरची वेणी त्यांनी आदल्याच दिवशी कापली होती आणि मान उघडी दिसत होती. "ही जाळायची नाहीत आता. जपून ठेवायची. पुढची माणसं विचारतील, काय झालं होतं ते."

"होडीत होती तोवर तुमची होती, मास्तर. कावडीत पडली ती देवाची."

"हुकूम गेला ना आता," वेई मधे बोलला. "साहेबच गेले. जाळायची काही गरज नाही."

"हुकूम तुमचा होता. पंधरा तारीख माझी आहे."

मास्तरांनी घसा खाकरला. "गावाचा कारभार पाहायला जे नवं मंडळ झालंय, त्यात मी आहे. देऊळही त्याच्याकडे आहे. मी नको म्हणालो तर?"

शौगनने कावड उचलली, मास्तरांच्या पायाशी आणून ठेवली आणि वर चिमटा ठेवला. "मग ही घ्या. मी खोली संध्याकाळपर्यंत सोडतो. उद्या पहाटे शेंगदाणेवाल्यापासून सुरुवात करा. तो भांडतो, पण कागद देतो. त्याला पानं द्यायची असतात, ती तळ्याच्या पलीकडच्या काठाला चांगली मिळतात."

फंगश्यानच्या हातातली टोपली खाली आली.  मास्तर कावडीकडे पाहत राहिले. कागद धुताना शौगनची बोटं चिरली होती, ती त्यांना दिसत होती. त्याने पानं धुतली नसती तर त्यातलं एक अक्षरही कुणी वाचलं नसतं, हेही त्यांना माहीत होतं. त्यांनी वाकून चिमटा उचलला आणि शौगनच्या हातात दिला.

"वाचायचं सगळं वाचून झालंय," ते म्हणाले. "जाळा."

"माझं नाही झालं," शू मावशी भट्टीपाशी बसली होती तिथून म्हणाली. तिच्या मांडीवर शेवटच्या टोपलीतलं एक पान होतं. "ते छांगशाच्या गोदामाचं अर्धं राहिलंय. त्या दिवशी हे कारकूनसाहेब ओरडत आले, मधेच तुटलं."

"मावशी, भट्टी तापलीय," शौगन म्हणाला.

"तापू दे. माझ्या होडीतून आलंय ते. चार-पाच दिवस होडी बांधून ठेवली होती माझी, त्याच्यापायी."

शौगनने मास्तरांकडे पाहिलं. मास्तर तिच्याजवळ खाली बसले आणि वाचायला लागले. गोदामाला पहारा कुणी दिला, किल्ल्या कुणाकडे होत्या, तांदूळ गावात कसा वाटला. शौगन चिमटा हातात धरून ऐकत उभा राहिला. यानसाहेबही उदबत्ती लावायला आले होते, तेही थांबले. बातमी लांबलचक होती.

ती संपल्यावर मावशीने पान दोन्ही हातांनी वर केलं. शौगनने ते घेतलं, कडा एकदा चाचपली, कोरडी होती, आणि भट्टीत घातलं.